याला डोळा नसतो, म्हणून खरड छाटणी नको

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये महाबळेश्वरहून परतताना वाटेतल्या एका नर्सरीतून शेवाळासारखं दिसणारं झाड आणलं. नर्सरीवाल्यानं नुसतं ‘मॉस’ म्हणून दिलं. पाच इंची प्लॅस्टिकची कुंडी आहे. पानं अगदी बारीक, खवल्यांसारखी, दांडीला चिकटलेली. प्रत्येक फांदी पुढं जाऊन दोन-दोन होत जाते. आणलं तेव्हा गच्च भरलेलं होतं, टोकं सोनेरी होती. आता एका बाजूनं आठ-नऊ इंचांच्या दोऱ्या लोंबतायत, मधला भाग तपकिरी झालाय, टोकं कुरकुरीत झालीत आणि सोनेरी रंग जाऊन सगळं नुसतं हिरवं. हॉलमध्ये टीव्हीशेजारी पंख्याखाली असतं. पाणी बोअरचं, रोज थोडं थोडं. आमची द्राक्षबाग आहे. सासरे म्हणतात, आता एप्रिलात बागेची खरड छाटणी लागेल, त्यातच याचीही बुडख्यापासून कर, जोमानं फुटेल. कुठून, किती आणि कधी कापू? कापलेले तुकडे लागतात का? सोनेरी रंग परत येईल का?
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

ताई, सासऱ्यांचं म्हणणं द्राक्षाला सोळा आणे लागू आहे, या झाडाला नाही. बुडख्यापासून कापलंत तर बहुधा फुटणार नाही, आणि एप्रिलात कापलंत तर उरलेलंही जाईल. आत्ता फक्त मेलेलं काढा आणि झाडाची जागा व पाणी बदला. कात्री लावायची ती पाऊस धरल्यावर, जूनचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबर या काळात.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून हे सेलाजिनेला आहे. सोनेरी टोकांचं, जमिनीलगत पसरणारं म्हणजे बहुतेक सेलाजिनेला क्राउसियाना. ही मूळची आफ्रिका आणि अझोर्स बेटांवरची जात. दिसायला शेवाळ असलं तरी हे शेवाळ नव्हे. शेवाळाला खरी मुळं नसतात, ते अंगानंच पाणी शोषतं. सेलाजिनेलाला मुळं आहेत, दांडीत पाणी वर नेणाऱ्या नळ्या आहेत. फक्त फूल आणि बी नाही, प्रसार बीजाणूंवर. जगात याच्या ७०० हून अधिक जाती आहेत. फांद्यांच्या टोकाला कधी चौकोनी, बारीक कणसासारखं काही आलेलं दिसलं तर तो रोग समजू नका. बीजाणू तिथंच तयार होतात. नको असेल तर खुडून टाका, झाडाचं काही बिघडत नाही.

आधी एक खात्री मात्र करून घ्या, कारण ‘मॉस’ या एका नावाखाली नर्सरीत तीन-चार वेगळी झाडं विकली जातात. पानं गोल, दोन-पाच मिलिमीटरची, मऊ आणि बारीक देठाची असतील तर ते ‘बेबीज टिअर्स’. ते जमिनीपासून बोटभर ठेवून सरसकट कापलं तरी महिन्याभरात भरून येतं. तिथं सासऱ्यांचा सल्ला चालून गेला असता. तुमच्या पत्रातली ‘खवल्यांसारखी पानं’ आणि ‘फांदी दोन-दोन होत जाते’ या दोन खुणा मात्र थेट सेलाजिनेलाच्या आहेत.

आता डोळ्याचं. द्राक्षाच्या काडीवर प्रत्येक पेऱ्याला, पानाच्या बगलेत डोळा, म्हणजे नव्या फुटीचा झोपलेला कोंब, असतो. खरड छाटणीला एक-दोन डोळे राखून काडी कापली, की शेंड्याचा दाब उठतो आणि खालचा डोळा फुटतो. जास्वंद, मेंदी, मोगरा, सगळ्यांचं गणित तेच. सेलाजिनेलाच्या पानाच्या बगलेत डोळाच नसतो. वाढ शेंड्यातून होते. शेंडा दुभंगतो, त्याच्या दोन फांद्या होतात, त्यांचे शेंडे पुन्हा दुभंगतात. या दोन फांद्यांच्या बेचक्यात मात्र एक सूक्ष्म वाढबिंदू असतो. एरवी त्यातून पांढरट, बिनपानाचा दोरा निघून खाली उतरतो आणि मातीला टेकला की त्याला मुळं फुटतात. बेचक्याच्या वरचे शेंडे काढले, तर शेंड्यातून खाली येणारं ऑक्सिन हे संप्रेरक थांबतं आणि त्याच बिंदूतून मुळाच्या दोऱ्याऐवजी पानांची फांदी येऊ शकते. (द्राक्षावर फवारायची जीए आणि सिक्स-बीए ही वाढीची संप्रेरकं तुमच्या घरात रोजची असतील, ऑक्सिन त्याच गोतावळ्यातलं. म्हणून बागेतली शिल्लक औषधं याच्यावर वापरून बघायला जाऊ नका.)

याचा कात्रीसाठी अर्थ सरळ आहे. फूट येण्याची जागा म्हणजे हिरवं, जिवंत बेचकं. कापलेल्या जागेच्या आणि मुळाच्या मध्ये निदान दोन-तीन हिरवी बेचकी राहिली पाहिजेत. तपकिरी, उघड्या दांडीपर्यंत कापलं की तिथं काही शिल्लकच नसतं. ती दांडी आहे तशी वाळून जाते. बुडख्यापासून छाटलेलं सेलाजिनेला लोकांच्या घरी मरतं ते यामुळं, आणि मग दोष पाण्याला दिला जातो.

एप्रिल का नको, तेही सांगतो. हे झाड साधारण १८ ते २६ अंश तापमानात आणि ६० टक्क्यांच्या वर दमट हवेत खूश असतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३५० मीटरच्या आसपास, पाऊस वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर. तासगावात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पडतो. त्यात एप्रिल-मे म्हणजे ३८-४० अंशांची दुपार आणि घशाला कोरड पाडणारी हवा. याच्या पानाची कातडी फार पातळ. कोरड्या हवेत पानातून पाणी उडतं तितक्या वेगानं ही उथळ मुळं ते पुरवू शकत नाहीत, म्हणून आधी टोकं कुरकुरीत होतात. अशा वेळी वरची दाटी कापली की आतल्या, सावलीला सरावलेल्या दांड्या एकदम उघड्या पडतात आणि आठवडाभरात वाळतात.

तर मार्चअखेरीला एवढंच करा. कुंडी उजेडात घ्या, एका हातानं फांद्या बाजूला करत दुसऱ्या हातानं मेलेलं शोधा. मेलेली दांडी वाकवली की कट्‌कन तुटते, जिवंत वाकते. रंगावर जाऊ नका; पानं तपकिरी झाली तरी दांडी हिरवट आणि लवचिक असेल तर ती ठेवा. मेलेलं ओढून उपटू नका, शेजारची मुळं सोबत निघतात. कात्रीनं मातीलगत कापा. कुरकुरीत टोकं आत्ता तशीच राहू द्या. दिसायला वाईट, पण खालच्या पानांना त्यांचीच सावली आहे.

मधला भाग तपकिरी का झाला, याची दोन कारणं असतात आणि दोन्हींचा उपाय वेगळा. हात लावून बघा. कोरडं, भुसभुशीत, वास नाही, म्हणजे मधल्या फांद्या वरच्या दाटीखाली अंधारात गेल्या आणि पाणीही नीट पोहोचलं नाही. रोज थोडं थोडं पाणी घातलं की तेच होतं: वरचा एक सेंटिमीटर ओला, खालचा गड्डा कोरडा. काळं, बुळबुळीत आणि कुबट वासाचं असेल तर मुळं कुजतायत. मग जूनपर्यंत थांबू नका, जिवंत कडा उचलून नव्या मिश्रणात लावा. तुमची टोकं कुरकुरीत आहेत, त्यावरून पहिलं कारण जास्त संभवतं.

पाण्याबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. बोअरचं पाणी या झाडाला नको. आपल्या भागातल्या बोअरला क्षार बऱ्यापैकी असतात. किटलीच्या तळाला किंवा कुंडीच्या काठाला पांढरा थर धरत असेल तर वेगळी तपासणी करायची गरज नाही. पानातून पाणी उडून जातं, क्षार टोकाशी साठतात, टोक जळतं. रात्रभर बादलीत ठेवून क्लोरीन थोडा उडतो, क्षार तिथंच राहतात. पावसाचं साठवलेलं पाणी सर्वांत चांगलं, नाहीतर आरओचं गाळलेलं. पण आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी, जे बऱ्याच घरांत झाडांना घालायला साठवतात, ते मात्र अजिबात नको: त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. एसीचं ठिबकणारं पाणी चालतं.

द्यायची पद्धतही बदला. परातीत इंचभर पाणी घेऊन कुंडी वीस मिनिटं त्यात ठेवा, खालून पाणी चढू द्या, मग उचलून निथळू द्या. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड, पावसाळ्यात चार-पाच दिवसांनी. वेळापत्रकापेक्षा वजन बघा. निथळल्यावर कुंडी हातात धरून वजनाचा अंदाज घ्या, ती निम्मी हलकी लागली की पुन्हा पाणी. महिन्यातून एकदा वरून, कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी हळूहळू ओतून सगळं खालून वाहू द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात. आत्ता, सात-आठ महिने बोअरचं पाणी पिऊन झाल्यावर, सुरुवात यानंच करा. आणि एक लक्षात ठेवा: सेलाजिनेला क्राउसियाना पूर्ण वाळलं की संपलं. पाणी घातल्यावर परत हिरवं होणारी ‘संजीवनी’ याच कुळातली, पण ती सेलाजिनेला ब्रायॉप्टेरिस ही वेगळी जात. तिचा गुण या झाडात नाही.

जागा. पंख्याखालून आजच्या आज हलवा. पूर्वेच्या खिडकीपासून तीन-चार फुटांवर, मध्ये पांढरा पडदा, अशी जागा बघा. न्हाणीघराला उजेड येणारं मोठं झरोकं असेल तर एप्रिल-मे तिथं काढता येतील, हवा दमट असते. खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. त्यानं आर्द्रता थोडीच वाढते, उघड्या हॉलमध्ये फारशी नाही. त्यापेक्षा कुंडी मोठ्या काचेच्या बरणीत किंवा जुन्या, कोरड्या फिशटँकमध्ये ठेवून वर काच अर्धी सरकवा. पूर्ण झाकलं आणि त्यावर ऊन आलं तर आत झाड शिजेल. दिवसातून दोनदा फवारा मारल्यानं पानावर दहा-पंधरा मिनिटं ओल राहते, बस्स. आणि तो बोअरच्या पाण्याचा असेल तर पानावर पांढरे ठिपके. फवाऱ्याची बाटली नवी घ्या. बागेत तणनाशकाला वापरलेली बाटली किंवा पंप कितीही धुतला तरी याच्या जवळ आणू नका. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, तेही नको, द्राक्षाच्या पानाला पेलतं ते या पातळ पानाला पेलत नाही.

पाऊस धरला, हवा ओली झाली, फांद्यांच्या टोकाला फिकट रंगाची नवी वाढ अर्धा-एक सेंटिमीटर दिसू लागली, की छाटणीची वेळ आली. नवी वाढ दिसत नसेल तर आणखी दोन आठवडे थांबा. तारखेपेक्षा ही खूण भरवशाची.

हत्यार म्हणून बागेची छाटणी कात्री आणू नका, तिच्यानं दांडी चेपते. भरतकामाची किंवा दोरा कापायची टोकदार छोटी कात्री घ्या, पाती स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, मध्ये-मध्ये पुन्हा पुसा. आदल्या दिवशी कुंडीला पोटभर पाणी द्या. भिजलेली पानं मात्र कापायच्या वेळी कोरडी असू द्या, कापलेल्या जागी पाण्याचा थेंब थांबला की बुरशीला आवतणच.

सुरुवात लोंबणाऱ्या दोऱ्यांपासून. पण थांबा, त्या लगेच कापू नका. तुमच्या झाडाचा मधला भाग रिकामा आहे आणि तो तिथल्या जुन्या दांड्यांतून भरून येणार नाही, हे वर सांगितलंच. तो भरायचा तो या दोऱ्यांनी. एकेक दोरी उचला, उजेडात धरून बघा. बेचक्यांपाशी बारीक पांढरे दोरे निघालेले दिसतील. तीच पुढची मुळं. अशी दोरी मधल्या मोकळ्या जागेकडे वळवून मातीवर आडवी निजवा आणि दोन-तीन बेचक्यांपाशी केसांच्या यू-पिनेनं किंवा प्लॅस्टिक चढवलेल्या तारेच्या आकड्यानं हलकी टेकवा. त्याआधी मधल्या मोकळ्या जागेत अर्धा इंच नवं मिश्रण भरा, म्हणजे दोरीला ओली, भुसभुशीत गादी मिळेल. आईच्या मुळाशी तिचा संबंध तोडू नका. तीन-चार आठवड्यांत टेकवलेल्या जागी ती धरते. हलकेच ओढून बघा, विरोध जाणवला की धरली. अशा चार-पाच दोऱ्या पुरे. छाटणीत सर्वांत जास्त फायदा याच कामाचा आहे, आणि नेमकं हेच करायचं राहून जातं. लोक लोंबणारं सगळं आधी कापून कचऱ्यात टाकतात आणि मग रिकाम्या मध्याकडे बघत बसतात.

उरलेल्या दोऱ्या कुंडीच्या काठापर्यंत आणा. काप बेचक्याच्या पुढं तीन-चार मिलिमीटरवर, बेचक्याला चिकटून नाही. कापाच्या मागं, मुळाच्या बाजूला, दोन-तीन हिरवी बेचकी आहेत ना, हे प्रत्येक वेळी बघा.

त्यानंतर दाटी. वरून एका पातळीत सरळ रेषेत कापायचा मोह होतो, आणि पहिले चार दिवस ते छानही दिसतं. पण सगळे शेंडे एकाच उंचीवर पुन्हा फुटतात, वर जाड छत तयार होतं आणि आत पुन्हा अंधार. सहा महिन्यांत मधला भाग तपकिरी. म्हणून दर तिसरी दांडी निवडा आणि प्रत्येक वेगळ्या खोलीवर कापा: एक इंचभर, पुढची दीड इंच, त्याच्या पुढची अर्धा इंच. बोट आत घातल्यावर तळाची माती दिसली की पुरेसं विरळ झालं.

शेवटी उरलेल्या शेंड्यांतले निम्मे नखांनी एक-दीड सेंटिमीटर खुडा. सगळे नको. न खुडलेले शेंडे झाडाचं काम चालू ठेवतात, खुडलेले बाजूनं दाट होतात. तीन-चार आठवड्यांनी अदलाबदल.

एका वेळी एकूण हिरव्या भागाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढायचं नाही. तुमच्या झाडाला दोन हप्ते लागतील असं दिसतं: पहिला जूनअखेर, दुसरा ऑगस्टमध्ये. सप्टेंबरनंतर नुसतं खुडणं. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत वाढ जवळपास थांबते, तेव्हा कात्री बाजूला.

छाटल्यावर कुंडी आठवडाभर थोडी जास्त सावलीत, अर्धवट झाकलेली ठेवा. दोन गोष्टी बिघडू शकतात. कापलेलं टोक काळं, मऊ पडून खाली सरकू लागलं तर ती कूज. हिरव्या भागात एक सेंटिमीटर मागं येऊन पुन्हा कापा, कात्री पुसा, झाकण दिवसभर उघडं ठेवा आणि संध्याकाळचा फवारा बंद करा. दुसरं म्हणजे चार आठवडे काहीच हालचाल नाही. अशा वेळी खताचा हात सैल सुटतो आणि तिथंच झाड जातं. दांड्या हिरव्या आणि लवचिक असतील तर थांबा. हवा कोरडी आहे का, तेवढं बघा. हजाराच्या आत मिळणारा तापमान-आर्द्रतेचा छोटा मीटर झाडाशेजारी ठेवला तर अंदाजाची गरज उरत नाही. बागेतल्या हवामान केंद्राचा आकडा मात्र घरात धरू नका, हॉलची हवा वेगळी असते.

खत छाटणीनंतर तीन आठवड्यांनी. घरात १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत असेलच. ते लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही ओल्या मातीत. ठिबकला लावता ते प्रमाण इथं धरलंत तर टोकं आठवड्यात जळतील. शेणखत नको, युरिया नको.

मिश्रण आकारमानानं असं घ्या: दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत किंवा कुजलेला पालापाचोळा, एक भाग पर्लाइट, पर्लाइट नसेल तर विटकरीचा तीन-पाच मिलिमीटरचा चुरा, धूळ चाळून. कोकोपीटच्या विटेत मुळातच मीठ असतं, त्यामुळं ती चांगल्या पाण्यात भिजवून, पिळून, असं तीनदा करा आणि मगच वापरा. काळी माती चमचाभरही नको. ती ओली असताना मुळाची हवा कोंडते, वाळली की आकसून फटी पडतात आणि इतकी बारीक मुळं तुटतात. कुंडी बदलायची असेल तर खोल नको, रुंद हवी. दहा-बारा सेंटिमीटर खोली भरपूर झाली. प्लॅस्टिकचीच ठेवा. मातीची कुंडी दिसते छान, पण तासगावच्या हवेत तिच्या अंगातून पाणी उडून कडेची मुळं आधी वाळतात.

आता कापलेल्या तुकड्यांचं. लागतात, आणि सहज लागतात, पण उभे खोचून नाही. चार-पाच सेंटिमीटरचे, दोन-तीन बेचकी असलेले हिरवे तुकडे निवडा. मिठाईच्या पारदर्शक डब्यात दोन बोटं ओलं कोकोपीट भरा. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब पडावेत, धार नको. तुकडे आडवे निजवून बेचक्यांपाशी बोटानं दाबा, झाकण लावा, उजेडाच्या सावलीत ठेवा. रोज दहा मिनिटं झाकण उघडायचं. दोन ते चार आठवड्यांत बेचक्यांतून मुळं उतरतात. त्यानंतर झाकण एकदम काढू नका. पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत आठवड्याभरात पूर्ण उघडा. दीड-दोन महिन्यांनी कुंडीत हलवा, पाच इंची कुंडीत सात-आठ तुकडे एकत्र, म्हणजे लवकर भरतं. मुळं फुटायची पावडर लावायची गरज नाही.

ओल्या कोकोपीटवर चिलटं येतील. इतर झाडांना आपण वरची माती वाळू देतो, इथं ते करता येत नाही. बागेतल्या पिवळ्या चिकट सापळ्याचा तुकडा कापून कुंडीत उभा करा. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेकाला टिपा, सगळ्या झाडावर स्पिरिट किंवा साबण फवारू नका. पावसाळ्यात कुंडी बाहेरच्या कट्ट्यावर ठेवणार असाल तर रात्री टॉर्च घेऊन गोगलगाय बघायची.

मोकळी जागा लवकर भरायची म्हणून महाबळेश्वर, कासच्या बाजूला गेल्यावर ओल्या दरडींवरचं रानातलं सेलाजिनेला खरवडून आणावंसं वाटेल. ते करू नका. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे, तिथून काहीही उपटणं गुन्हा ठरू शकतं. शिवाय त्या जाती पावसाबरोबर येतात आणि पाऊस ओसरला की वाळतात. तुमच्या कुंडीत दिवाळीपर्यंतही टिकणार नाहीत. यात्रेत, बाजारात ‘संजीवनी’ची सुकलेली गुंडी विकायला असते, पाण्यात टाकली की उघडते. नुसती उघडली म्हणून ती जिवंत आहे असं समजू नका. पाण्यानं फुगून मेलेलीही उघडू शकते. दोन दिवसांत हिरवा रंग चढला तरच खरी.

राहिला सोनेरी रंग. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात उजेड कमी, म्हणून झाडानं हिरवा भाग वाढवला. हिरवी झालेली जुनी पानं पुन्हा सोनेरी होत नाहीत, पण पडद्याआडच्या उजेडात आलेली नवी टोकं होतील. छाटणीनंतरची ऑगस्टमधली फूट बघा. टोकं सोनेरीवरून पांढुरकी आणि पातळ दिसू लागली तर उजेड जास्त झाला, कुंडी फूटभर मागं घ्या.